बॅट 'मेली' आणि स्कॉलरशिप दुसऱ्यालाच गेली

१९७९ ला ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर डेनिस लिली पर्थला ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता तो किस्सा माहितीच असेल, इंग्लंडचा कॅप्टन ब्रेअर्लीने तक्रार केली, लिलीने चिडून बॅट भिरकावली आणि क्रिकेटपुरता विषय मिटला. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये मात्र धातूची बॅट १९७४ पासून चालतेय, कारण सरळ आहे, लाकडाची सारखी मोडते आणि खर्च वाढतो.

पण धातूची बॅट फक्त टिकत नाही, ती चेंडू जास्त जोरात मारते. लाकडी बॅटला चेंडू लागला की बॅट फारशी दबत नाही, चेंडूच चपटा होतो, तेही सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात, आणि त्या दबण्यात बरीच ऊर्जा वाया जाते. पोकळ धातूची भिंत मात्र थोडी आत जाऊन स्प्रिंगसारखी बाहेर येते, त्यामुळे चेंडूला कमी दबावं लागतं आणि तो सुसाट सुटतो. १९९८ ची कॉलेज फायनल २१-१४ अशी संपली होती, बेसबॉलमध्ये हा स्कोअर म्हणजे चेष्टाच!

मग २०११ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेने, बीबीकॉरची (बॅटवरून चेंडू किती उसळतो त्याचं माप) मर्यादा लावली, ०.५०. सोप्या भाषेत, बॅट आणि चेंडू जेवढ्या वेगाने एकमेकांकडे येतात त्याच्या साधारण निम्म्याहून जास्त वेगाने लांब जाता कामा नयेत, म्हणजे जवळपास लाकडाएवढंच. खेळाडू म्हणायला लागले बॅट मेली. एका टीमचे मॅचमागे होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपल्या सिक्सरसारखा) २०१० ला सरासरी ०.९४ होते, पुढच्याच वर्षी ०.५२ आणि २०१४ ला ०.३९.

आता कोचच्या खुर्चीत बसून बघा. तेव्हा डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या टीमला फक्त ११.७ स्कॉलरशिप मिळायच्या आणि त्या जास्तीत जास्त २७ पोरांत तुकडे करून वाटायच्या. आधी त्यातला मोठा तुकडा फर्स्ट बेसवरच्या धिप्पाड पोराला दिला तरी चालायचं, त्याचा शॉट नीट बसला नाही तरी चेंडू कुंपणापलीकडे. आता तोच चेंडू कुंपणाच्या अलीकडे झेलला जातो आणि हा गडी तर पळतही नाही. मग भाव कोणाला आला, तर बंट टाकून (चेंडू बॅटने नुसता हळूच ढकलून) पळणाऱ्याला, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये फील्डिंग करणाऱ्या चपळ शॉर्टस्टॉपला आणि बिनधास्त स्ट्राइक (अचूक चेंडू) टाकणाऱ्या पिचरला, म्हणजे बोलरला. २०१३ ला यूसीएलए चॅम्पियन झाली तेव्हा टीमचं बॅटिंग ॲव्हरेज होतं .२५०, म्हणजे चारात एकच हिट, पिचिंग आणि फील्डिंगवर जिंकले ते.

खरी गोची वेळेची. पोरं निवडतात सोळा-सतराव्या वर्षी, आणि देशभरातल्या हायस्कूलांना नवी बॅट सक्तीची झाली २०१२ ला. म्हणजे २०११ ला कॉलेजात आलेल्या बहुतेकांचे आकडे जुन्या बॅटचे, त्यात पोराची ताकद किती आणि बॅटची किती हे कोच सांगणार कसं?

आणि एवढं सगळं जुळवून घेतलं तोवर २०१५ ला चेंडूच बदलला. शिवणीची उंची ०.०४८ इंचावरून ०.०३१ इंच, म्हणजे फरक अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही, नख फिरवलं तरच कळेल. पण उंच शिवण हवेला जास्त अडते. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये मशीनने दोन्ही चेंडू ताशी ९५ मैल वेगाने, २५ अंशांत उडवले तर जुना ३६७ फूट गेला आणि नवा ३८७. वीस फूट! झेल आणि होमरनमधलं अंतर बरेचदा एवढंच असतं. त्या वर्षी होमरन ०.५६ वर गेले. उलट खालच्या शिवणीमुळे बोटांना पकड कमी, त्यामुळे नुसत्या कर्व्हवर (हवेत वळणाऱ्या चेंडूवर) पोट भरणाऱ्या पिचरचं अवघड झालं असणार असं मला वाटतं, वेग असलेला काय, कुठल्याही चेंडूने टाकेल.

आता परत ताकदवाला हवा, पण २०१२-१३ ला बंटसाठी आणि पळण्यासाठी घेतलेली पोरं अजून टीममध्येच होती ना, कोणाचं तिसरं वर्ष, कोणाचं शेवटचं.