प्रतिरक्षेतील लिंगभेद

रोगजंतू, लस किंवा शरीराचेच ऊतक यांना स्त्रीचे आणि पुरुषाचे शरीर कमीअधिक जोमाने प्रतिसाद देते. या जैविक तफावतीला प्रतिरक्षेतील लिंगभेद म्हणतात. स्त्रियांत प्रतिपिंडे (अँटीबॉडी) साधारणपणे अधिक तयार होतात आणि पुष्कळ संसर्ग लवकर आटोक्यात येतात. हीच तत्परता कधीकधी स्वतःच्या ऊतकांवर उलटते. अशा स्वप्रतिरक्षित विकारांच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार स्त्रिया असतात. त्वचा, सांधे, मूत्रपिंडे अशा अनेक अवयवांना ग्रासणाऱ्या ल्युपसमध्ये स्त्री-पुरुष प्रमाण नवास एक, तर ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दोन-तीनास एक असे आढळते. (बोलीत या संधिवाताला आमवात म्हणतात, मात्र आयुर्वेदातील आमवाताशी तो तंतोतंत जुळत नाही.) कण्याला जखडणारा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस मात्र पुरुषांत जास्त नोंदला गेला आहे. तेव्हा एक लिंग काटक आणि दुसरे नाजूक, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही.

कारणमीमांसा : तफावतीचे मूळ संप्रेरकांत की गुणसूत्रांत, हा जुना वाद आहे. संप्रेरकांकडे लक्ष वेधणारे आरंभीचे महत्त्वाचे निरीक्षण अमेरिकन वैद्य फिलिप हेंच यांचे. संधिवाताने जखडलेल्या स्त्रियांचे दुखणे गरोदरपणात ओसरते आणि बाळंतपणानंतर पुन्हा उलटते, हे त्यांनी १९३८ मध्ये मांडले. कावीळ झालेल्या रुग्णांतही त्यांना असाच उतार दिसला होता. या दोन्ही अवस्थांत शरीरात एखादे उपशामक द्रव्य तयार होत असावे, या तर्काचा माग काढत ते कॉर्टिसोन या संप्रेरकाच्या उपचारापर्यंत पोहोचले आणि १९५० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांत ईस्ट्रोजेन प्रतिपिंडनिर्मितीला चालना देते आणि टेस्टोस्टेरोन एकंदरीने तिला आवर घालते, असे दिसून आले. परंतु काही फरक वयात येण्यापूर्वीच्या मुलामुलींतही असतात आणि ऋतुनिवृत्तीनंतर ते सगळे पुसले जात नाहीत. त्यांचा उलगडा केवळ संप्रेरकांनी होत नाही.

प्रतिरक्षेशी निगडित अनेक जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. पुरुषाच्या पेशीत हे गुणसूत्र एकच असते. त्याचा तोटा ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या विकारात उघड होतो. आठ वर्षांच्या एका मुलाला वारंवार जंतुसंसर्ग होई आणि त्याच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा गट) जवळजवळ नव्हतेच. या विकाराचे जनुक १९९३ मध्ये एक्सवर सापडले. तो बहुतांशी मुलग्यांनाच होतो, कारण दोष झाकायला त्यांच्यापाशी दुसरा एक्स नसतो.

स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स निष्क्रिय होतो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. ही निष्क्रियता पूर्ण नसते. त्या एक्सवरील सुमारे १५ ते २५ टक्के जनुके कमीअधिक जागी राहतात. विषाणूंचे आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर-७ या ग्राहीचे (संकेत टिपणाऱ्या प्रथिनाचे) जनुक त्यांपैकीच असल्याचे २०१८ मध्ये दाखवण्यात आले. ल्युपस झालेल्या एका मुलीत याच जनुकातील एक बदल २०२२ मध्ये आढळला आणि तो बदल उंदरांत घडवल्यावर त्यांनाही तसाच विकार झाला. दोन एक्स व एक वाय असलेल्या क्लाइनफेल्टर पुरुषांत ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट असल्याचे २००८ च्या एका अभ्यासात दिसले होते. या पुरुषांत टेस्टोस्टेरोनही बहुधा कमी असते, त्यामुळे एवढ्यावर निर्णय देता येत नाही. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने एक्सला निष्क्रिय करणारा झिस्ट हा आरएनए नर उंदरांत निर्माण करवला. विकाराला चिथावणी देताच काही नरांतही माद्यांप्रमाणे ल्युपससदृश लक्षणे उद्भवली. हा सारा पुरावा पाहता पाया गुणसूत्रांचा आणि त्यावरचे चढउतार संप्रेरकांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

लस व संसर्ग : इन्फ्लुएंझाच्या लशीची अर्धी मात्रा दिलेल्या स्त्रियांचा प्रतिसाद पूर्ण मात्रा घेतलेल्या पुरुषांच्या जवळपास पोहोचतो, असे एका चाचणीत दिसले. स्त्रियांत लशीनंतर ताप व हात दुखणेही जास्त नोंदले जाते. लहान वयात द्यावयाच्या उच्च मात्रेच्या गोवर लशीचा अनुभव गंभीर आहे. गिनी-बिसाऊ, सेनेगल इत्यादी ठिकाणी ती घेतलेल्या मुलींत पुढे मृत्यू अधिक आढळले आणि १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस मागे घेतली. कारणाबाबत मतभेद आहेत. पण मुलगे व मुली यांची आकडेवारी वेगळी मांडली नसती तर हा धोका नजरेसच आला नसता.

कोविड-१९ ने पुरुष अधिक दगावले. २०२० मध्ये गंभीर आजारी रुग्णांपैकी १०१ जणांत विषाणूंना रोखणाऱ्या स्वतःच्याच इंटरफेरॉन या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. त्यांतील ९५ पुरुष होते. हिपॅटायटिस ई हा एरवी आपोआप बरा होणारा यकृताचा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत प्राणघातक ठरू शकतो. क्षयाचे प्रौढ रुग्ण जगभर पुरुषच जास्त आहेत. तेथे मात्र तंबाखू, दारू आणि कामावरची सिलिकाची धूळ यांचा वाटा वेगळा काढल्याशिवाय जीवशास्त्राला बोल लावू नये.

नाशिक : चिकुनगुन्या सुमारे ३२ वर्षांच्या खंडानंतर देशात परतला, तेव्हाच्या २००६ च्या उद्रेकग्रस्त ठिकाणांत जिल्ह्यातील मालेगाव होते. त्या वेळचे विषाणू आफ्रिकी जनुकप्रकाराचे होते, तर १९६३ ते १९७३ मधील नमुने आशियाई प्रकाराचे. ताप उतरल्यावर महिनोन्‌महिने रेंगाळणारी सांधेदुखी स्त्रियांत अधिक असल्याचे बऱ्याच अभ्यासांत आढळते. पावसाळा सरता सरता ही साथ येते आणि पाठोपाठ दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची गोडी छाटणी सुरू होते. पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या बाईच्या बोटांची पेरे सुजलेली असली तर सकाळी मूठ वळत नाही. विरळणीची कात्री धरता येत नाही, भाकरी थापताना मनगट साथ देत नाही, हातातल्या बांगड्या उतरत नाहीत. याला नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देणे चूक आहे. दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेल्यास आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची खूण शोधणाऱ्या रक्ततपासण्या करून घ्याव्यात, कारण चिकुनगुन्यानंतरचा संधिशोथ आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात वरवर पाहता सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे असतात.