तुमचा मोबाईल नंबर हवेत उडत नसतो भाऊ

नागपुरात बर्डीवर मोबाईलच्या दुकानात परवा परत तेच ऐकलं, म्हणे फोन सतत आपला नंबर टॉवरला ओरडून सांगत असतो अन् कोणीबी रेडिओ लावून तो पकडू शकते. काहून घाबरवता बे लोकांना!

टॉवरला तुमचा दहा आकडी नंबर लागतच नाही. सिममध्ये वेगळाच आयएमएसआय, म्हणजे सिमचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, जास्तीत जास्त १५ आकडी, आपल्याकडचा ४०४ किंवा ४०५ नं सुरू होणारा, अन् त्याची तुमच्या नंबरशी जोडी कंपनीच्या डेटाबेसमध्ये असते. तोही सारखा हवेत जाऊ नये म्हणून नेटवर्क एक टेम्पररी ओळख देते, टीएमएसआय, ३२ बिटची, म्हणजे दवाखान्यातल्या टोकनसारखी समजा, बर्डीहून बुटीबोरीला गेलात, एरिया बदलला, की बहुतेक टोकनही बदलते.

पण "मग कोणी ट्रॅकच करू शकत नाही" हेही खोटंच. टोकन ओळखता आलं नाही तर नेटवर्क खरा आयएमएसआय मागते, अन् २जी ते ४जी मध्ये फोन तो उघडाच देऊन टाकतो. नकली टॉवर लावून माग काढणारे असाच तो मागून घेतात. ५जी मध्ये तो एन्क्रिप्ट करून, म्हणजे कोणाला वाचता येणार नाही असा, पाठवायची सोय आहे, पण फोन ४जी वर उतरला की परत तेच.