जिवाणू संवर्धक

प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वाढवलेले उपयुक्त जिवाणू वाहकात, म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या भुकटीत, किंवा द्रवात मिसळून बियाण्यास किंवा जमिनीस देण्यासाठी जे जिवंत खत तयार करतात, त्यास जिवाणू संवर्धक म्हणतात. विदर्भातील खेड्यांत ते मृगाच्या पेरणीआधी कृषी केंद्रातून पुडीच्या किंवा बाटलीच्या रूपाने घरी येते. सूक्ष्मजीवशास्त्राची मूलतत्त्वे शेताच्या बांधावर शिकण्यासाठी याच्याइतके सोयीचे साधन क्वचितच असेल.

हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असला, तरी पिकांना तो वायुरूपात घेता येत नाही. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू नायट्रोजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्याचे अमोनियात रूपांतर करतात आणि त्या बदल्यात पिकाने तयार केलेल्या अन्नावर जगतात. डच शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी 1888 मध्ये गाठींतील हे जिवाणू वेगळे काढून वाढवले. नायट्रोजनेज ऑक्सिजनच्या संपर्काने निकामी होते, तर जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन हवाच असतो. ही अडचण लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य सोडवते, कारण ते ऑक्सिजन बांधून ठेवून जिवाणूंना बेताने पुरवते. म्हणूनच फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचे झाड ओल्या मातीतून मुळांसकट अलगद उपटून गाठ नखाने फोडली आणि ती आतून गुलाबी किंवा लालसर दिसली, तर नायट्रोजन स्थिर होत आहे असे समजावे. पांढरी गाठ निष्क्रिय किंवा कोवळी असते. हिरवट वा तपकिरी गाठीचे काम संपलेले असते. सूक्ष्मदर्शकावाचून होणारी ही परीक्षा गावोगावच्या शाळांतून मुलांकडून आवर्जून करून घ्यावी, इतकी ती बोलकी आहे.

निर्मितीसाठी जिवाणूंचा निवडक वाण यीस्ट अर्क व मॅनिटॉल असलेल्या माध्यमावर वाढवतात, किण्वकात (जिवाणू वाढवण्याच्या टाकीत) त्याची संख्या वाढवतात आणि मग लिग्नाइटसारख्या (तपकिरी कोळशासारख्या) वाहकात मिसळतात. खत नियंत्रण आदेशानुसार वाहकयुक्त संवर्धकाच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी, तर द्रवरूप संवर्धकाच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. ‘जिवंत’ हा शब्द येथे कळीचा आहे. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत टिनाच्या छपराखाली पडून राहिलेल्या पुडीतील जिवाणू मरतात, पण भुकटीचा रंग बदलत नाही, आणि दोष मात्र खताच्या माथी येतो.

वापरताना 250 ग्रॅमची पुडी गुळाच्या थंड द्रावणात कालवून 10 किलो बियाण्याला हलक्या हाताने चोळतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि त्याच दिवशी पेरतात. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे, जिवाणू शेवटी.

पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) मुळांवर अशा गाठी येत नाहीत, त्यामुळे तिला मातीत मोकळे राहणारे ॲझोटोबॅक्टर देतात. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत अडकलेले स्फुरद (फॉस्फरस) सेंद्रिय आम्लांनी विरघळवणारे जिवाणू मात्र बहुतेक पिकांना चालतात. रायझोबियमची निवड याहून काटेकोर असते: सोयाबीनच्या गाठी ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम व त्याच्या निकटच्या जाती बनवतात, हरभऱ्याच्या मेसोरायझोबियम. त्यामुळे सोयाबीन निघाल्यावर त्याच वावरात रब्बीचा हरभरा पेरताना उरलेली जुनी पुडी चालत नाही. हरभऱ्याचे संवर्धक वेगळे आणावे लागते.