१९७७चे यांकीज आणि ‘विकत घेतलेलं’ विजेतेपद

रेजी जॅक्सनवर पैसा ओतून न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने १९७७ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका, विकत घेतली, असं अजूनही ठोकून दिलं जातं. फ्री एजंट, म्हणजे करारातून मोकळा होऊन हव्या त्या संघाशी सौदा करणारा खेळाडू, म्हणून आलेली बडी नावं तीनच: जॅक्सन, डॉन गलेट, कॅटफिश हंटर. त्यातला पिचर (गोलंदाज) हंटर त्या मोसमात ९ सामने जिंकून ९ हरला! मन्सन, गिड्री ड्राफ्टमधले (नवोदितांच्या वार्षिक निवडीतले), म्हणजे घरचेच. नेटल्स, चॅम्ब्लिस, रँडॉल्फ, डेंट, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावणारा लाइल, सगळे इतर संघांशी खेळाडूंच्या अदलाबदलीतून आले. एकटा बॉबी बाँड्स देऊन एंजल्स संघाकडून रिव्हर्स आणि फिगेरोआ दोघे घेतले. खरी चलाखी ती. शिवाय जॅक्सन येण्याआधीच, १९७६ मध्ये, संघाने अमेरिकन लीग (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक) जिंकली होती. जॅक्सनचे १९७७चे ३२ होमरन (एका फटक्यात पूर्ण फेरी) मोलाचेच. पण जॅक्सन आला त्याच हिवाळ्यात रूडी, बेलर, ग्रिच विकत घेणारे एंजल्स ७४ विजय, ८८ पराभवांवर अडकले.