दगडातलं झाड नव्हे, मँगनीज!

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, यंदा एका पालात फिकट, चपटा दगड पाहिला. त्यावर नेच्याच्या पानासारखी काळीभोर नक्षी. "लाखो वर्षांपूर्वीचं झाड आहे, देवघरात ठेवा, बरकत येते," असं विक्रेता सांगत होता. बरकतीची थाप तर आहेच, पण ते मुळात झाडच नाही. भिंगातून पाहिलं तर पानाच्या शिराही दिसत नाहीत. ती मँगनीज ऑक्साइडची, म्हणजे मँगनीज धातू आणि ऑक्सिजनच्या संयुगाची नक्षी आहे. भेगेत झिरपलेल्या पाण्यातून ती वाढते. जे टोक पुढे सरकतं त्याला ताजं द्रावण आधी मिळतं, म्हणून ते आणखी पुढे जातं आणि फांद्या फुटतात.

खरी गंमत ऑक्सिजनची आहे. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मँगनीज द्विभारित आयन (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) म्हणून विरघळून राहतं आणि कुठवरही वाहत जातं. ऑक्सिजन भेटला की अणूमागे आणखी दोन इलेक्ट्रॉन जातात, चतुर्भारित मँगनीज तयार होतं आणि काळा साका खाली बसतो. लोहाचंही असंच होतं, पण ते फार लवकर ऑक्सिडीकृत होतं आणि वाटेतच गळतं. मँगनीज मात्र पाण्याबरोबर पुढे जातं. लोह आणि मँगनीजचे साठे वेगवेगळे का सापडतात, याचं मोठं कारण हेच!

प्राचीन समुद्रात असा साका थरांनी साचला, ते गाळाचे साठे. दक्षिण आफ्रिकेतला कालाहारीचा मँगनीज साठा त्यातलाच. नागपूर, भंडारा, बालाघाटच्या पट्ट्यात असेच थर पुढे खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले. त्यातून गार्नेट आणि क्वार्ट्झचा गोंडाइट खडक झाला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड समाजावरून हे नाव दिलं. त्यावर पावसापाण्याने सिलिका धुऊन नेली की धातुक (ज्यातून धातू काढतात तो दगड) आणखी कसदार होतं, तो अपक्षयाचा, म्हणजे हवापाण्याने खडक झिजण्याचा प्रकार. खडकाच्या भेगांत गरम पाण्यातून साचलेले साठे हा आणखी एक प्रकार. आणि महासागराच्या तळावरचे मँगनीजचे गोटे तर दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतात.

सोलापूरच्या काळ्या कातळात, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात, मँगनीज हजारात एक-दोन भागच असतं. खाणीपुरतं नाही, पण भेगेतली नक्षी काढायला पुरेसं आहे. असा दगड मिळाला तर काळ्या भागावर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक थेंब टाका. मँगनीज ऑक्साइड असेल तर फेस येईल.