मैदानात बसलेला मार आणि घरात उचललेला हात

जून २००७ मध्ये ख्रिस बेन्वा या व्यावसायिक कुस्तीपटूने अमेरिकेतल्या आपल्या राहत्या घरी पत्नीचा आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव घेतला आणि मग आत्महत्या केली. पहिला संशय स्नायू वाढवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइड्सवर गेला. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं प्रमाण बरंच वाढलेलं होतंही. पुढे मेंदू तपासला, तेव्हा चाळिशीतल्या या माणसाच्या मेंदूत ‘टाऊ’ नावाच्या प्रथिनाचे गुंते जागोजागी साचलेले आढळले. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या जोव्हान बेल्चरने सोबतिणीला गोळ्या घालून ठार केलं आणि स्वतःलाही संपवलं. त्याच्याही मेंदूत तशाच खुणा निघाल्या. मग साहजिकच प्रश्न आला, की खेळताना डोक्याला बसलेला मार माणसाला घरात हिंसक करतो का?

करू शकतो, असं मानायला शरीरशास्त्रात आधार आहे. मेंदू मऊ असतो आणि कवटीतल्या द्रवात तरंगत असतो. धावतं डोकं एकदम थांबलं किंवा झटक्याने वळलं, की आतला मेंदू पिळला जातो आणि पेशींचे लांब, नाजूक तंतू ताणले जातात. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतली ही हालचाल त्याला थांबवता येत नाही. तंतूंच्या आतल्या सूक्ष्म नलिकांना टेकू देण्याचं काम टाऊ करतं. वारंवार हादरे बसले की ते जागेवरून सुटतं, बिघडतं आणि मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साठू लागतं. या विकाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असं नाही. वर्षानुवर्षं बसलेले, कुणाच्या लक्षातही न आलेले धक्के पुरेसे ठरू शकतात.

आता राग. धोका जाणवला की मेंदूच्या आत खोलवर असलेला अमिग्डाला पेटून उठतो, आणि डोळ्यांच्या खोबणींवरचा, कपाळामागचा भाग त्याला आवरतो. व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांचा अभ्यास झाला, तेव्हा नेमका हा कपाळामागचा भाग दुखावलेल्यांमध्ये आक्रमकता जास्त दिसली. साध्या कन्कशननंतरही, म्हणजे डोक्याला धक्का बसून मेंदू हादरल्यावरही, काही आठवडे झोप बिघडते, आवाज सहन होत नाही, माणूस चिडचिडा होतो. घरच्यांना हे डॉक्टरांच्या आधी कळतं. अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांमधला हा विकार १९२८ मध्येच मांडला होता. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये १५ मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या काहींच्या अनावर संतापाच्या हकिकतीही नातेवाइकांकडूनच मिळालेल्या होत्या.

इथवर सगळं जुळतं. अडचण पुढे आहे. सीटीईचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. २०१७ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले आणि ११० मध्ये सीटीई सापडला. आकडा हादरवणारा आहे, पण हे मेंदू दान करणाऱ्या कित्येक कुटुंबांनी आपल्या माणसात काहीतरी बिघडतंय हे आधीच पाहिलेलं होतं. सगळ्या खेळाडूंचं प्रमाण त्यावरून काढता येत नाही. शिवाय दारू, स्टेरॉइड्स, लहानपणी घरात पाहिलेली मारहाण, आणि आक्रमकतेलाच शाबासकी देणारा खेळ हे सगळं एकाच माणसात एकत्र आलेलं असतं.

हा गुंता सोडवण्याचा एक चांगला प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. (तो खेळाडूंवरचा नाही, सर्वसाधारण लोकांवरचा आहे.) मेंदूला इजा झालेल्या सुमारे २३ हजार जणांपैकी ८.८ टक्के लोकांच्या नावावर पुढे हिंसक गुन्हा नोंदला गेला. इतर लोकांमध्ये हे प्रमाण ३ टक्के होतं. इतर घटक जमेस धरल्यावरही धोका तिपटीहून थोडा जास्त निघाला. पण इजा न झालेल्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली, तेव्हा तो दुपटीवर आला. म्हणजे जो फरक दिसत होता त्यातला बराचसा वाटा घराण्याचा आणि वाढीचा होता. उरलेला मात्र नाकारता येत नाही.

माझा संशय आणखी एका ठिकाणी अडतो. ज्याचा आवरच सुटला आहे, तो पंचांवर, प्रशिक्षकावर, रस्त्यातल्या अनोळखी माणसावरही तुटून पडायला हवा. दिवसभर सगळ्यांशी नीट वागणारा माणूस दार लागल्यावरच हात उचलत असेल आणि तोही जिथे वळ दिसणार नाहीत तिथे, तर त्याचा आवर चांगलाच शाबूत आहे. थकलेला, झोप न झालेला मेंदू संध्याकाळी घरीच जास्त भडकतो हे खरं. पण महिनोन्महिने चाललेला धाक, पैशांवरचा ताबा, फोनची तपासणी हे टाऊच्या गुंत्याने समजावून सांगता येत नाही.

आणि त्या घरात मार बसलेलं डोकं एकच नसतं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका स्त्रीच्या मेंदूची नोंद छापून आली. ती कधी रिंगणात उतरली नव्हती. वर्षानुवर्षं मारहाण सोसलेल्या तिच्या मेंदूत मुष्टियोद्ध्यांसारखीच झीज होती. २००३ मध्ये संशोधक ईव्ह व्हॅलेरा यांनी जोडीदाराचा मार खाल्लेल्या ९९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश जणींना त्या मारहाणीत एकदा तरी मेंदूला इजा झालेली होती, आणि निम्म्या जणींना अनेकदा. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटतो, ती इजा वेगळीच, आणि तिची खूण गळ्यावर उमटतेच असं नाही. खेळाडू मैदानात कोसळला तर डॉक्टर धावत येतात आणि त्याला खेळाबाहेर ठेवतात. या स्त्रिया मात्र पोलिसांसमोर घटनांचा क्रम विसरतात, बोलताना अडखळतात, आणि त्याच विस्मरणामुळे त्यांच्या जबाबावर शंका घेतली जाते.