खिशात मावणाऱ्या पिस्तुलाचं गणित

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. या प्रकारातलं पिस्तूल नियमाप्रमाणे १४०० ग्रॅमपर्यंत जड असू शकतं, आणि त्याचा चाप ओढायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागला पाहिजे. म्हणजे बोटाचा जोर आणि हत्याराचं वजन साधारण बरोबरीत.

आता अमेरिकेत अनेकजण पँटच्या खिशात बाळगतात ते रुगर एलसीपी घ्या. वजन रिकामं असताना २७० ग्रॅमच्या आसपास, चापाला मात्र अडीच-तीन किलोचा जोर. वजनाच्या दहापट! स्मिथ अँड वेसनच्या पाच गोळ्यांच्या छोट्या अ‍ॅल्युमिनियम रिव्हॉल्व्हरमध्ये हे प्रमाण आणखी बिघडतं: सुमारे ४२० ग्रॅमचं हत्यार आणि चाप पाच किलोच्या वर. बोट मागे ओढतं तेव्हा तळवा तेवढ्याच जोराने पुढे रेटत असतो. या दोन जोरांत पाच टक्क्यांची जरी चूक झाली, तरी एलसीपीवर सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा आडवा झटका बसतो, म्हणजे हत्याराच्या निम्म्या वजनाएवढा. स्पर्धेच्या पिस्तुलावर हीच चूक ५० ग्रॅमची, आणि तीही किलोभर वजनावर. नळीचं तोंड कुठे जास्त हलेल ते सांगायला नको.

‘लहान चणीच्या माणसाला लहान पिस्तूल’ हा दुकानातला सल्ला म्हणूनच आमच्या मते चुकीचा आहे. पिस्तूल जितकं लहान, तितका हात मुरलेला लागतो.

लपवून बाळगायच्या पिस्तुलांची खरी बाजारपेठ अमेरिका. फ्लोरिडाने १९८७ मध्ये ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना देणं बंधनकारक केलं, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. २०२४ पर्यंत २९ राज्यांत परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगण्याची मुभा झाली होती. मधल्या काळातल्या एका कायद्याने तर पिस्तुलांचा आकारच बदलला. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत दहापेक्षा जास्त काडतुसं मावणाऱ्या नव्या मॅगझिनवर, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीवर, केंद्रीय बंदी होती. दहाच चालणार असतील तर पंधराची मूठ कशाला, असं म्हणत कंपन्यांनी मुठी आखूड केल्या. बरोबर दहा काडतुसांचं ग्लॉक २६ हे पिस्तूल त्याच काळातलं.

मूठच का? कारण कपड्याखाली लपवायला सगळ्यात अवघड भाग तोच. नळी कमरेच्या पट्ट्याखाली शरीराला समांतर जाते, ती दोन सेंटिमीटर लांब असली तरी कोणाला कळत नाही. मूठ मात्र शरीरापासून काटकोनात बाहेर येते आणि वाकलं की सदऱ्यावर तिचा उंचवटा दिसतो. त्याच कंपनीच्या थोड्या मोठ्या ग्लॉक १९ ची उंची १२८ मिलिमीटर, ग्लॉक २६ ची १०६. फरक दोन बोटांचाही नाही, पण त्यात करंगळीची जागा जाते. करंगळी अधांतरी राहिली की पकड तीन बोटांवरून दोनावर येते आणि पिस्तूल प्रत्येक बारानंतर मुठीत सरकतं.

२०१८ मध्ये आलेल्या सिग पी३६५ ने या कोंडीतून बऱ्यापैकी वाट काढली. त्याचं मॅगझिन खाली दुहेरी रांगेचं आहे आणि वर जाता जाता अशा बेताने निमुळतं होतं की जेमतेम इंचभर रुंदीच्या पिस्तुलात दहा काडतुसं बसतात. उंची १०९ मिलिमीटर, नळी ७९, वजन रिकाम्या मॅगझिनसह ५०० ग्रॅमच्या किंचित वर. त्यानंतर बहुतेक कंपन्यांनी हीच कल्पना उचलली.

वजन कमी होतं तेव्हा धक्क्याचं काय होतं, हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू यांचा संवेग पुढे जातो, तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो. नऊ मिलिमीटरची ८ ग्रॅमची गोळी ग्लॉक १९ मधून साधारण ३४५ मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. सुमारे ०.३५ ग्रॅम बारुदाचा वायू १२०० मीटरच्या आसपास वेगाने जातो असं धरू. बेरीज ३.२ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. भरलेलं पिस्तूल ८५० ग्रॅमचं, म्हणजे ते मागे येतं ३.७ मीटर प्रति सेकंदाने, ऊर्जा ६ ज्यूल. पी३६५ भरल्यावर ६२५ ग्रॅम. आखूड नळीमुळे गोळी थोडी मंदावते, तरी धक्क्याचा वेग ४.९ मीटर आणि ऊर्जा साडेसात ज्यूल होते.

गंमत पुढे आहे. एलसीपी नऊ मिलिमीटरचं नाही, ते पॉइंट ३८० एसीपी हे कमी ताकदीचं काडतूस वापरतं: ६.२ ग्रॅमची गोळी, एवढ्याशा नळीतून सुमारे २६५ मीटर प्रति सेकंद. गोळीची ऊर्जा ग्लॉक १९ च्या गोळीच्या निम्म्याहून कमी. पण भरलेलं एलसीपी ३३० ग्रॅमचंच, त्यामुळे ते मागे येतं ५.७ मीटर प्रति सेकंदाने आणि ऊर्जा भरते ५.४ ज्यूल. काडतूस निम्म्या ताकदीचं, धक्का जवळपास तेवढाच, वेग दीडपट, आणि तो झेलायला तळहाताचा अर्धाच भाग. सरावाला पन्नास काडतुसं नेलेला माणूस वीसनंतर घरी जातो, याचं कारण हे.

काडतूस आणि गोळी यांतला फरक इथे सांगून टाकू, कारण ‘दोन जिवंत काडतुसे जप्त’ आणि ‘दोन गोळ्या जप्त’ असं वर्तमानपत्रं एकाच अर्थाने छापतात. काडतूस म्हणजे पितळी कोश, तळाची ठिणगी देणारी टोपी, बारूद आणि वर बसवलेली गोळी, असा पूर्ण संच. उडून जाते ती फक्त गोळी.

आखूड नळीचा फटका गोळीलाही बसतो. समोरून पोकळ असलेली गोळी ओल्या माध्यमात शिरली की उमलते आणि लवकर थांबते. आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका त्यामुळे घटतो. पण उमलायला ठरावीक वेग लागतो, आणि जाड कपड्याचे धागे पोकळीत ठासले गेले तर ती उमलतच नाही. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने यासाठी मोजमाप ठरवलं: दहा टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात, कपड्याच्या थरांतून गेल्यावरही, गोळी १२ ते १८ इंच म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर जायला हवी. छोट्या नळीच्या पॉइंट ३८० ची अडचण इथे होते. गोळी उमलली तर खोली अपुरी पडते, खोली मिळाली तर बहुधा ती उमललेली नसते. म्हणून काडतुसाची निवड चार इंची नळीच्या आकड्यांवरून करू नये. आपल्या नळीच्या लांबीतून घेतलेल्या चाचण्याच बघाव्यात.

नेमाचंही तेच. पुढच्या आणि मागच्या माशीतलं, म्हणजे नेम धरायच्या दोन खुणांमधलं, अंतर कमी झालं की डोळ्याची तीच चूक मोठी होते. पुढची माशी १ मिलिमीटरने सरकलेली असेल तर १० मीटरवर स्पर्धेच्या २२० मिलिमीटर अंतराच्या माशीत गोळी ४५ मिलिमीटर चुकते, १५० च्या माशीत ६७, आणि १०० मिलिमीटरच्या माशीत पूर्ण दहा सेंटिमीटर.

आता आतल्या यंत्राकडे. १९३१ च्या वॉल्थर पीपीकेमध्ये नळी पक्की बसवलेली आहे. स्फोटाच्या क्षणी मागचा दरवाजा बंद ठेवायला स्लाइडचं (नळीवरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाचं) वजन आणि कडक स्प्रिंग एवढंच असतं. नऊ मिलिमीटरच्या काडतुसात दाब २४० मेगापास्कलपर्यंत चढतो, पॉइंट ३८० मध्ये १५० च्या खाली. त्यामुळे पॉइंट ३८० ला ही सोपी रचना पुरते, पण स्लाइड मागे ओढताना मनगट दुखतं. आजच्या बहुतेक छोट्या पिस्तुलांत शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगची जुनी युक्ती असते: नळी आणि स्लाइड आधी एकमेकांत अडकून दोन-तीन मिलिमीटर मागे येतात, दाब उतरला की नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड मोकळी होते. कुलपाचं काम नळी करत असल्याने स्प्रिंग मऊ ठेवता येते. २०१८ चं शील्ड ईझी हे पिस्तूल याच हिशेबाने केलं आहे: कमी दाबाचं पॉइंट ३८०, पण कुलूपवाली नळी आणि आत घोडा, म्हणजे सुईवर आपटणारी हातोडी. बोटांत संधिवात असलेल्यांनाही ते ओढता येतं.

आखूड स्लाइड हलकी असते, म्हणून मागे वेगाने जाते, आणि तिला प्रवासालाही जागा कमी. तेवढ्या वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचं काडतूस वर आणायचं असतं. मोठ्या पिस्तुलात या वेळापत्रकात ढिलाई चालते, लहानात चालत नाही. मनगट सैल राहिलं तर सगळं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडला हवा तेवढा सापेक्ष प्रवास मिळत नाही, आणि रिकामा कोश बाहेर पडता पडता स्लाइडच्या खिडकीत उभा अडकतो. हीच अडचण घट्ट मनगटानेही येत राहिली तर काडतूस बदलून बघा. तरीही आली तर कोश खेचणारा आकडा आणि स्प्रिंग तपासून घ्या. छोट्या पिस्तुलाची मुख्य स्प्रिंग मोठ्यापेक्षा लवकर थकते; किती बारांनी बदलायची ते पुस्तिकेत दिलेलं असतं आणि ते पाळावं. खिशातली कापसाची लव आणि घाम हे आणखी दोन शत्रू. महिन्यातून एकदा उघडून पुसायचं, तेलाचे थेंब जपून. जास्त तेल लव धरून ठेवतं.

सुरक्षेच्या बाबतीत सगळ्यात शिकवणारा हिशेब पडण्याचा आहे. अमेरिकी उद्योगाच्या चाचणीत पिस्तूल चार फुटांवरून, म्हणजे १.२ मीटरवरून, रबराच्या जाड पट्टीवर पाडतात. कडक फरशीवर ते मिलिमीटरभरात थांबलं असं समजा. मग मंदन गुरुत्वाच्या १२०० पट होतं. पाच ग्रॅमचा चाप त्या क्षणी सहा किलोचा होतो! पिस्तूल मागच्या टोकावर आपटलं तर हा जोर चापाला मागेच ढकलतो, आणि तो ओढायला लागतात अडीच किलो. म्हणूनच अनेक पिस्तुलांच्या चापाच्या मधोमध एक वेगळी पातळ पट्टी असते. बोटाने ती दाबल्याशिवाय चाप हलत नाही, आणि तिचं स्वतःचं वजन नगण्य असल्याने आपटूनही ती जागची हटत नाही. त्याशिवाय आत एक खिळी असते, जी चाप पूर्ण ओढेपर्यंत ठिणगी मारणाऱ्या सुईला अडवते. घेताना या दोन्ही गोष्टी आहेत का ते विचारावं. आणि हातातून पिस्तूल निसटलं तर ते हवेत झेलायला जाऊ नये. झेलणाऱ्याचं बोट हमखास चापावर जातं.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, हा पिस्तुलाचाच भाग समजावा. चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकणारं, कडक, पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणारं हवं. जुनं मऊ चामडं दुमडून चापाच्या कड्यात शिरतं. जाकिटाची दोरी, सदऱ्याचं टोकही शिरतं. अपघाती बार पिस्तूल काढतानाच नव्हे, परत ठेवतानाही होतात, म्हणून परत ठेवताना बोट सरळ, नजर होल्स्टरवर, घाई शून्य. खिशात बाळगायचं असेल तर खिशाचं वेगळं होल्स्टर आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली तर नाहीच.

भारतात हा प्रश्न वेगळ्या जागी येऊन थांबतो. नऊ मिलिमीटर हे इथे सामान्य नागरिकाला निषिद्ध बोर (नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे, त्यामुळे परवानाधारकाच्या वाट्याला बहुधा येतं ते बत्तीस बोर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ च्या जानेवारीत महिलांसाठी म्हणून आणलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर याच बोराचं, वजन ५०० ग्रॅम. बत्तीसचं काडतूस सौम्य असल्याने त्याचा धक्का वर मोजलेल्या तिन्ही पिस्तुलांपेक्षा कमी भरतो. पण वजन आणि चापाच्या जोराचं गणित त्यालाही चुकलेलं नाही.

निवड करताना शक्य तर विकत घेण्याआधी भाड्याने घेऊन चालवून बघावं. रिकामं आहे याची दोनदा खात्री करून आधी पकड तपासा: तर्जनीचं पहिलं पेर मूठ न फिरवता चापावर सपाट येतं का, स्लाइड पाच वेळा न थांबता पूर्ण मागे येते का, मॅगझिनची कळ अंगठ्याला पोचते का. मग किमान दोनशे काडतुसं, त्यांतली पन्नास तरी जी रोज भरून ठेवायची आहेत तीच. कानांवर दुहेरी संरक्षण हवंच. नऊ मिलिमीटरचा आवाज १६० डेसिबलच्या घरात जातो आणि आखूड नळीचा त्याहून बोचरा असतो.

रोज भरणाऱ्या-रिकामं करणाऱ्यांनी एक गोष्ट आठवड्याला बघावी. तेच काडतूस पुन्हा पुन्हा नळीत ढकललं की नळीच्या मागच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून गोळी कोशात आत सरकते. नऊ मिलिमीटरचा कोश जेमतेम १९ मिलिमीटर लांब, आत रिकामी जागा इवलीशी. गोळी एक-दोन मिलिमीटर जरी आत गेली तरी दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. वापरातलं काडतूस डब्यातल्या कोऱ्या काडतुसाशेजारी सपाट टेबलावर उभं करा. बुटकं दिसलं की ते पुन्हा भरायचं नाही. बाजूला काढून शूटिंग रेंजवर नष्ट करायला द्यायचं.